न सांगितलेले अर्धे

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्या झाकणावर आगबोट कंपनीचे कागदी लेबल अजून अर्धवट शिल्लक असून त्यावर 'मोंबासा' हे नाव वाचता येते. ही ट्रंक आमच्या वडिलांची. शाळेच्या वार्षिकासाठी एखाद्या थोर प्रवाशाविषयी लिहावे असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले, तेव्हा मार्को पोलोचे नाव मनात येण्यापूर्वी ही ट्रंकच डोळ्यांपुढे उभी राहिली. सातशे वर्षांपूर्वीचा व्हेनिसचा तो व्यापारी आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमचे वडील यांची सांगड घालणे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु एकाची गोष्ट सांगावयास बसलो की दुसऱ्याची आठवण होते, असा आमचा आजवरचा अनुभव आहे. म्हणून वाचकांची क्षमा मागून दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतो.

मार्कोचा जन्म इ. स. १२५४ मध्ये व्हेनिस येथे झाला. समुद्रातील लहान लहान बेटांवर वसलेले हे नगर त्या काळी एक स्वतंत्र व बलाढ्य प्रजासत्ताक होते. नांगर धरावयास जमीन नाही, तेव्हा जहाज व तराजू हीच तेथील माणसांची शेती. मार्कोचे वडील निकोलो आणि काका मफेओ हे दोघे बंधू कॉन्स्टँटिनोपल येथे व्यापार करीत. १२६० च्या सुमारास काही जडजवाहीर बरोबर घेऊन ते काळ्या समुद्रापलीकडे गेले आणि व्होल्गा नदीच्या काठी मंगोल सरदार बर्के याच्या दरबारी पोहोचले. इतक्यात मागे युद्ध पेटले व परतीची वाट बंद झाली. मागे जाता येईना, म्हणून ते पुढे सरकले. बुखारा येथे तीन वर्षे अडकून पडल्यावर एका वकिलाची सोबत मिळाली आणि ते थेट सम्राट कुब्लाई खानाच्या दरबारी जाऊन उभे राहिले. खानाने त्यांचा सत्कार केला, पोपच्या नावे पत्र दिले व दोन गोष्टी मागितल्या : विद्येत व धर्मात निष्णात असे शंभर पंडित, आणि जेरुसलेम येथील ख्रिस्ताच्या समाधीवर जळणाऱ्या दिव्यातील थोडेसे तेल.

हे बंधू १२६९ मध्ये व्हेनिसला परतले. निकोलोची पत्नी मध्यंतरी वारली होती, आणि दारात पंधरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. तोच मार्को. बापलेकांची ही भेट मार्कोच्या ग्रंथात अगदी थोडक्यात उरकली आहे. पत्नी मृत्यू पावलेली आढळली व पंधरा वर्षांचा पुत्र मागे राहिला होता, एवढेच काय ते सांगून कथा पुढे जाते. विद्यार्थिदशेत हा मजकूर प्रथम वाचला, तेव्हा आम्ही तेथेच थांबलो. कारण त्या थोडक्या शब्दांत काय काय मावते, हे आम्हांस ठाऊक होते.

आमचे वडील, ज्यांना घरात सारे नाना म्हणत, ते १९४९ साली आफ्रिकेत गेले. त्या वेळी आम्ही एक वर्षाचे होतो. टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, मोशी नावाचे एक गाव आहे. तेथील एका गुजराती पेढीवर त्यांना हिशेबनिसाची नोकरी मिळाली होती. दरमहा घरी पैसे येत, दिवाळीला एक पत्र जास्त येई. पण येण्याजाण्याच्या तिकिटात चार महिन्यांचा संसार चालतो, असा हिशेब घालून त्यांनी अकरा वर्षे येणे टाळले. १९६० साली ते परतले. टांग्यातून उतरलेल्या त्या कृश, सावळ्या गृहस्थांस पाहून आम्ही आईच्या पाठीमागे गेलो. "अरे, नाना आलेत, पाया पड," असे आई म्हणाली. आम्ही पाया पडलो. पण पुढे कित्येक दिवस त्यांना काय म्हणून हाक मारावी हे न कळल्यामुळे हाक मारण्याचेच टाळीत होतो. पुस्तकातील मार्कोने पित्याला प्रथम काय म्हटले असेल, हा विचार त्यामुळे आम्हांस वारंवार सतावतो.

मार्कोच्या बाबतीत दैवाने एक गोष्ट उदारपणे दिली. त्याचा पिता पुन्हा निघाला तो पुत्रास बरोबर घेऊनच. १२७१ मध्ये तिघांनी व्हेनिस सोडले, तेव्हा मार्को सतरा वर्षांचा होता. नवा पोप निवडण्यास तीन वर्षांच्या जवळपास विलंब लागला होता. अखेर दहावा ग्रेगरी हा त्या पदावर आला व त्याने शंभरांच्या जागी दोनच धर्मोपदेशक दिले. तेही पुढे युद्धाच्या भयाने आर्मेनियातून परत फिरले. समाधीवरचे तेल मात्र पोलोंनी जपून नेले.

इराणच्या आखातावरील होर्मुझ बंदरापर्यंत ते गेले, परंतु तेथील गलबते पाहून त्यांचा धीर खचला. त्या गलबतांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून नारळाच्या काथ्याने शिवलेल्या होत्या. कोकणच्या किनाऱ्यावरील माणसास या कसबाचे काहीच भय वाटले नसते, पण व्हेनिसच्या माणसाने जलमार्ग सोडून खुष्कीचा मार्ग धरला. बदख्शान, पामीरचे पठार, काशगर, खोतान, लोपचे वाळवंट अशी ती वाट होती. पामीरविषयी मार्को सांगतो की तेथे इतकी उंची आहे की पक्षीसुद्धा दिसत नाहीत. विस्तव नेहमीप्रमाणे प्रखर जळत नाही व अन्न नीट शिजत नाही. याचे कारण त्याने थंडी असे दिले आहे. आज आठवीतील विद्यार्थीही सांगेल की उंचीवर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे पाणी कमी उष्णतेवर उकळते व अन्न कच्चे राहते. म्हणजे कारण चुकले, पण पाहणे चुकले नाही. या भेदाकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

साडेतीन वर्षांच्या प्रवासानंतर, १२७५ च्या सुमारास, ते कुब्लाईच्या शांगदू येथील उन्हाळी राजवाड्यात दाखल झाले. मार्को आता एकवीस वर्षांचा होता. खानाचे दूत दूरदूरच्या प्रांतांतून येत व नेमून दिलेल्या कामाचा कोरडा अहवाल सादर करीत. खान त्यावर नाराज असे. त्याला त्या प्रदेशातील माणसे, चालीरीती, नवलाच्या गोष्टी ऐकावयाच्या असत. हे त्या तरुणाने हेरले, आणि ज्या ज्या कामगिरीवर तो गेला तेथील बारीकसारीक गोष्टी मनात साठवून आणू लागला. सतरा वर्षे तो त्या दरबारी राहिला. एखाद्या माणसाचे नशीब लक्ष देऊन पाहण्याच्या सवयीवर कसे उभे राहते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

त्याने काय पाहिले? तुतीच्या सालीपासून कागद करून त्यावर सम्राटाची मुद्रा उमटवितात व तो कागद सोन्याप्रमाणे बाजारात चालतो. डोंगरातून काळे दगड खणून काढतात आणि ते लाकडाप्रमाणे जळतात. रस्त्यांवर ठराविक अंतरावर टपालाचे घोडे सज्ज असतात, आणि पायी धावणारे जासूद कमरेला घंटा बांधून पळतात, म्हणजे पुढच्या चौकीवरील माणूस आवाज ऐकून आधीच तयार होतो. खनिजाचे धागे काढून असे एक वस्त्र विणतात की ते मळले म्हणजे धुण्याऐवजी विस्तवात टाकावे, शुभ्र होऊन निघते. आज कागदी चलन, दगडी कोळसा व अॅस्बेस्टॉस हे शब्द आपणांस ओळखीचे आहेत. परंतु तेराव्या शतकातील व्हेनिसच्या बाजारात उभे राहून एखाद्याने हे सांगितले, तर ऐकणारा काय म्हणेल याची कल्पना करावी.

ती कल्पना आम्हांस करावी लागत नाही. नाना परतले त्या वर्षी, उन्हाळ्यात, वाड्यातील मंडळी रात्री ओट्यावर बसत. त्यांना नानांनी एकदा सांगितले की मोशी गावाच्या डोक्यावर एक प्रचंड डोंगर आहे, गाव विषुववृत्तापासून फार दूर नाही, खाली केळीच्या व कॉफीच्या बागा आहेत, आणि डोंगराच्या माथ्यावर बारा महिने बर्फ असते. क्षणभर कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाला, "नाना, विषुववृत्तावर बर्फ? मग आमच्या बडोद्यात तर मे महिन्यात गारठून मरावयास हवे!" सारे खदखदून हसले. त्या दिवसापासून ओट्यावर त्यांचे नाव 'बर्फवाले नाना' असे पडले. आम्ही वर्गात ही गोष्ट सांगितली, तेव्हा मुलेही तशीच हसली आणि तेच नाव आमच्या मागे लागले.

यानंतर जे घडले ते आम्ही आजवर कोठे लिहिले नाही. दिवाळीत घरी पाहुणे आले होते. फराळाची ताटे पुढे असता कोणीतरी आफ्रिकेचा विषय काढला आणि नाना उत्साहाने सांगू लागले, "पहाटे ढग नसले म्हणजे तो डोंगर असा दिसतो की..." तेवढ्यात आम्ही मोठ्याने म्हणालो, "नाना, पुरे झाल्या आता त्या थापा!" पाहुणे हसले. आईने आमच्याकडे पाहिले, पण ती काही बोलली नाही. नानांनी वाक्य पुरे केले नाही. त्यांनी हातातील चकली ताटात ठेवली व पाहुण्यांस पाणी हवे का, असे विचारले. त्यानंतर अकरा वर्षे ते जगले. परंतु मोशीचे नाव त्यांनी आपण होऊन पुन्हा कधी काढले नाही.

असो. मार्कोकडे वळू. १२९२ च्या सुमारास तिघा पोलोंना परतण्याची संधी मिळाली. इराणचा मंगोल राजा आर्घून याच्यासाठी कोकोचीन नावाची राजकन्या पाठवावयाची होती. चौदा मोठ्या जहाजांचा तांडा चीनच्या झैतून बंदरातून, म्हणजे आजच्या च्वानचौ येथून, निघाला. वारा अनुकूल नसल्याने सुमात्रा बेटावर पाच महिने मुक्काम पडला. खलाशी सोडून सहाशे माणसे निघाली होती; त्यांतील अगदी मोजकी इराणात पोहोचली, असे ग्रंथ सांगतो. तोवर आर्घून मरण पावला होता, म्हणून राजकन्येचा विवाह त्याचा पुत्र गाझान याच्याशी लावण्यात आला.

या जलप्रवासामुळे मार्कोच्या ग्रंथात आपल्या देशाचे वर्णन आले, आणि त्यात आमच्या बडोद्याच्या शेजारचे खंबायतही आहे. तेथे नीळ, कापूस व उत्तम कापड विपुल मिळते, आणि लोक चाचेगिरी न करता व्यापार व कसब यांवर सचोटीने जगतात, अशी शिफारस त्याने केली आहे. गुजरातच्या किनाऱ्यावरील चाच्यांविषयी मात्र तो एक नवल सांगतो : व्यापाऱ्यांनी मोती गिळून लपविले असतील या संशयाने हे चाचे त्यांस चिंच घातलेले समुद्राचे पाणी पाजीत, म्हणजे पोटातले सारे बाहेर पडे! ठाण्याचेही स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे स्वतंत्र राजा आहे, लोकांची भाषा स्वतःची आहे, तपकिरी रंगाचा सुगंधी धूप, कातडी व सुती कापड परदेशी जाते. परंतु तेथील राजा चाच्यांना सामील असून लुटीतील घोडे तेवढे आपणांकडे घेतो, असा ठपकाही त्याने ठेवला आहे.

हे वाचताना आमच्या अंगावर काटा उभा राहतो तो निराळ्याच कारणाने. त्या काळी देवगिरीस रामदेवराव यादव राज्य करीत होता. १२९० मध्ये, मार्को अद्याप चीनमध्ये असता, नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. मार्कोने ठाण्याच्या लोकांची जी 'स्वतःची भाषा' म्हणून नोंद केली, तिच्यात त्याच सुमारास केवढे लेणे कोरले जात होते, याची त्याला वार्ताही नव्हती; आणि ज्ञानेश्वरांस व्हेनिसची नव्हती. एका किनाऱ्यावरून एक प्रवासी जातो, तेथून थोड्या दिवसांच्या वाटेवर एक ग्रंथ जन्मास आलेला असतो, आणि दोहोंची भेट होत नाही. इतिहास अशा हुकलेल्या भेटींनी भरलेला आहे.

१२९५ मध्ये पोलो मंडळी व्हेनिसला पोहोचली. चोवीस वर्षे लोटली होती. फाटक्या तार्तरी वस्त्रांतील या तिघांस घरच्यांनीही ओळखले नाही, मग त्यांनी मेजवानी दिली व त्याच वस्त्रांच्या शिवणी उसवून माणके-हिरे बाहेर काढले, अशी एक आख्यायिका सोळाव्या शतकात रामूझिओ या पंडिताने नमूद करून ठेवली आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. तरी परतलेल्या माणसास घर ओळखत नाही, एवढा भाग खोटा वाटत नाही.

यानंतर काही वर्षांतच व्हेनिस व जिनोआ यांच्या वैरात मार्को सापडला आणि जिनोआच्या कैदेत पडला. १२९८ मध्ये त्या तुरुंगात त्याला पिसा येथील रुस्तिकेल्लो हा सोबती मिळाला. हा वीरकथा लिहिणारा लेखक. मार्कोने सांगितले, रुस्तिकेल्लोने फ्रेंच-इटालियन मिश्र भाषेत लिहून काढले. छापखाना निघण्यास अद्याप दीडशे वर्षांचा अवकाश होता, तरी हाताने नकला होऊन तो ग्रंथ युरोपभर गेला. आजही त्याच्या दीडशेच्या आसपास हस्तलिखिते उरली आहेत. म्हणजे जगातील एक अत्यंत प्रसिद्ध प्रवासवर्णन, दोन कैद्यांनी वेळ घालविण्यासाठी केलेल्या गप्पांतून निर्माण झाले.

१२९९ मध्ये सुटून आल्यावर मार्को पुन्हा फारसा कोठे गेला नाही. त्याने दोनाता बादोएर हिच्याशी विवाह केला. फांतीना, बेल्लेला व मोरेता या तिघी त्यांच्या कन्या. सान जोव्हान्नी ग्रिसोस्तोमो भागातील वाड्यात कुटुंब राहत असे. त्या जागी आज मालिब्रान नावाचे नाट्यगृह असून शेजारच्या चौकास अजून 'मिलिओन' हे पोलो घराण्याचे टोपणनाव चिकटून आहे. हा थोर प्रवासी घरी कसा होता? इतर व्यापाऱ्यांसारखाच. १३११ मध्ये कस्तुरीच्या व्यवहारात एका आडत्याने हिशेब चुकविला, म्हणून त्याने न्यायालयात दावा लावला व जिंकला. कुब्लाईच्या दरबारी वावरलेला मनुष्य थोड्याशा कस्तुरीसाठी भांडतो, हे वाचून काही लोक नाक मुरडतात. आम्हांस तो याच ठिकाणी आपला वाटतो.

२०२२ मध्ये या कुटुंबाविषयी एक नवी गोष्ट उजेडात आली. व्हेनिसच्या दप्तरखान्यात १३१९ सालचे एक मृत्युपत्र सापडले. ते आन्येसे नावाच्या तरुण स्त्रीचे असून तिने आपला पिता म्हणून मार्को पोलोचे नाव सांगितले आहे. विवाहापूर्वीची ही कन्या सातशे वर्षे कोणास ठाऊक नव्हती. पती आणि लहान मुले मागे ठेवून ती पित्याच्या आधी गेली.

मार्कोचे स्वतःचे मृत्युपत्र ९ जानेवारी १३२४ या तारखेचे आहे. तेच त्याच्या अखेरच्या घटकांचे साक्षीदार होय. व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयात ते चर्मपत्र आजही जपलेले आहे. त्यात पत्नीसाठी वार्षिक नेमणूक आहे, तिन्ही कन्या वारस आहेत, अविवाहित मोरेतासाठी बहिणींच्या तोडीचा हुंडा राखून ठेवला आहे. चर्चला दाने आहेत. आणि पीटर नावाचा एक तार्तर सेवक दास्यातून मुक्त केला असून त्यालाही रक्कम दिली आहे. पुढे १३२८ मध्ये या पीटरला व्हेनिसचे नागरिकत्व मिळाले. दूर पूर्वेकडील माणूस आणि त्याचा धनी यांनी त्या वाड्यात संध्याकाळी कोणत्या आठवणी काढल्या असतील? त्या घरात मार्कोच्या गोष्टी खऱ्या आहेत हे ज्याला सांगावे लागत नव्हते, असा हा एकटाच असावा.

त्याच्या अंतकाळाची एक कथा याकोपो द आक्वी या समकालीन धर्मोपदेशकाने लिहून ठेवली आहे. मित्र उशाशी जमले व म्हणाले, आता तरी ग्रंथातील अतिशयोक्ती मागे घे, आत्म्याचे कल्याण होईल. मार्कोने उत्तर दिले की जे पाहिले त्याचे अर्धेही आपण सांगितलेले नाही.

मग खरे काय? शंका घेणारे केवळ व्हेनिसचेच लोक नव्हते. १९९५ मध्ये फ्रान्सिस वुड या विदुषीने मार्को चीनला गेलाच नसावा, असे पुस्तक लिहिले. त्याने चहाचा, चीनच्या भिंतीचा, स्त्रियांचे पाय बांधण्याच्या रूढीचा उल्लेख केला नाही, हे तिचे मुद्दे. मुद्दे विचार करण्याजोगे होते, आणि त्यांचा विचार झाला. आज दिसणारी विटांची भिंत बहुतांशी मिंग राजवटीतील, म्हणजे १३६८ नंतरची. १९४१ मध्ये यांग जिजिउ या चिनी संशोधकास एका जुन्या चिनी ज्ञानकोशात कोकोचीनला नेण्यास आलेल्या तीन इराणी वकिलांची नावे सापडली होती. तीच तीन नावे मार्कोच्या ग्रंथात आहेत. २०१३ मध्ये हान्स उलरिख फोगेल या जर्मन पंडिताने मिठाची व कागदी चलनाची माहिती चिनी कागदपत्रांशी ताडून पाहिली व ती आश्चर्यकारकपणे जुळते असे दाखविले. पामीरमधील लांब वळणदार शिंगांच्या मेंढ्यांचे वर्णन मार्कोने केले होते. १८३८ मध्ये जॉन वुड हा ब्रिटिश अधिकारी तेथे गेला, ती शिंगे मिळाली, आणि १८४१ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथ यांनी त्या जातीस मार्को पोलोचेच नाव दिले.

तथापि मार्कोच्या ग्रंथात खोटेही आहे. शियांगयांग शहराच्या वेढ्यात पोलोंनी दगडफेकीची यंत्रे करून विजय मिळवून दिला, असे त्यात म्हटले आहे. पण ते शहर १२७३ मध्येच, पोलो पोहोचण्यापूर्वी पडले होते. जपानातील सोन्याच्या छपरांची गोष्ट ऐकीव आहे. तेव्हा सांगणारा मोठा म्हणून सारेच खरे मानावे, असे आमचे म्हणणे नाही. शंका अवश्य घ्यावी. शंका घेणारा मनुष्य कागद काढतो, ताडून पाहतो, वाट तुडवितो. त्याच्या हातून सत्य उजेडात येते. नुसते हसणारा मनुष्य काहीच करीत नाही. तो सांगणाऱ्याचे तोंड मात्र बंद करतो. वुडबाईंची शंका मार्कोच्या उपयोगी पडली. आमचे हसणे नानांच्या उपयोगी पडले नाही.

आठवीत असता शाळेच्या ग्रंथालयात एक भूगोलाचे पुस्तक आमच्या हाती आले. त्यात किलिमांजारो पर्वताचे चित्र होते : विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या तीन अंशांवर, १९,००० फुटांहून उंच, आणि माथा पांढराशुभ्र. पायथ्याशी मोशी. पुढे हेही वाचले की १८४८ मध्ये रेबमान या जर्मन धर्मोपदेशकाने तेथील बर्फाचे वृत्त युरोपला कळविले, तेव्हा लंडनच्या पंडितांनी त्याचीही थट्टा केली होती. त्या संध्याकाळी घरी जाऊन, "नाना, तुमचे खरे होते," एवढे चार शब्द बोलावे, असे मनाशी ठरविले. नाना ओटीवर वर्तमानपत्र वाचीत होते. आम्ही त्यांच्यासमोर उभे राहिलो, त्यांनी वर पाहिले, आणि आम्ही "चष्मा पुसून देऊ का?" असे विचारले. ते चार शब्द त्या दिवशी राहिले, ते कायमचे.

१९७१ मध्ये नाना गेले. दिवस झाल्यावर आईने ती ट्रंक उघडावयास सांगितली. दोन कोट, पेढीचे शिफारसपत्र, पासपोर्ट, आणि तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले एक छायाचित्र. केळीची झाडे, त्यांच्या वर ढगांचा पट्टा, आणि ढगांच्याही वर डोंगराचा पांढरा माथा. मागे नानांच्या मोडी अक्षरात तारीख व 'आज स्वच्छ दिसला' एवढेच शब्द. आम्ही आईला विचारले, "हे त्यांनी त्या वेळी दाखविले का नाही? सगळ्यांची तोंडे बंद झाली असती." आई म्हणाली, "मीही तेच म्हटले होते. ते म्हणाले, घरच्यांना पुरावा कसला दाखवायचा?"

मार्कोचे थडगे आज सापडत नाही. सान लोरेन्झोचे चर्च पुढे नव्याने बांधले गेले, त्यात ते नाहीसे झाले. त्याच्या ग्रंथाची कोलंबसाने समासात टिपणे केलेली प्रत मात्र सेव्हिल येथे आहे, व्हेनिसच्या विमानतळास त्याचे नाव आहे, आणि २०२४ मध्ये त्याच्या मृत्यूस सातशे वर्षे झाली, तेव्हा त्याच्या नगराने त्याचे स्मरण केले. त्याला जे सांगावयाचे होते त्याचे निदान अर्धे तरी जगाला मिळाले, कारण तुरुंगातल्या एका माणसाने ते न हसता ऐकले व लिहून घेतले. किलिमांजारोवरील बर्फ आज झपाट्याने घटत चालले आहे. एक दिवस असा येईल की तेथे बारा महिने बर्फ असे, हे सांगणाऱ्यास लोक पुन्हा हसतील. त्या वेळी नानांचे छायाचित्र पुरावा म्हणून उपयोगी पडेल. पण त्यांनी जे सांगितले असते, ते त्यात नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीही कोणी आजोबा, काका, आत्या दूरच्या गावाहून आलेली असतील आणि त्यांच्याजवळ एखादी न पटणारी गोष्ट असेल. ती ऐकून शंका आली तर पुढचा प्रश्न विचारा : ते कोठे पाहिले, केव्हा पाहिले, जवळून कसे दिसत होते? वही जवळ असल्यास लिहून घ्या. गोष्ट खरी की खोटी हे मागाहून ठरविता येते. सांगणारे माणूस मात्र मागाहून मिळत नाही.

पहाटे ढग नसले म्हणजे तो डोंगर कसा दिसतो, हे आम्हांस अजून कळलेले नाही.